कोरो गेला, अँगुलो आला. पण पास कोण देणार? (एफसी गोवा, मोसम २०२०-२१)

फातोर्डा ईस्ट | १२ नोव्हेंबर २०२०

मोसम तोंडावर आलाय. २० तारखेपासून आयएसएल (इंडियन सुपर लीग), २२ला आपण बंगळुरूशी. सगळे सामने गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. आणि नेमका ह्याच वर्षी कोरोनामुळे गोंयकाराला आत प्रवेश नाही. ते रडगाणं वेगळ्या धाग्यात गाऊ. इथे कोरोबद्दल बोलायचंय.

फेरान कोरोमिनास, आपला स्पॅनिश स्ट्रायकर. तीन मोसम, आयएसएलचे ५७ सामने, ४८ गोल. पहिल्या वर्षी १८, दुसऱ्या वर्षी १६, दोन्ही वेळा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचं बक्षीस. तिसऱ्या वर्षी १४, बूट एका गोलाने हुकला. असा माणूस गेला आणि क्लबाने निरोपाचे चार शब्द लिहून विषय मिटवला.

त्याच्यामागून कोण कोण गेलं ते एका दमात वाचा. बूमूस, जाहू, फॉल आणि मंदार, चौघेही मुंबई सिटीत. तिकडे कोच कोण, तर आपणच जानेवारीअखेरीस काढलेला लोबेरा. मनवीर मोहन बागानला, जॅकीचंद जमशेदपूरला, चिंगलेनसाना हैदराबादला. पेन्या निवृत्त.

फेब्रुवारीत लीग शील्ड, म्हणजे साखळी फेरीत पहिल्या येणाऱ्याची ढाल, जिंकणारा संघ होता हा! १८ सामन्यांत ४६ गोल. त्या शील्डमुळे आपण आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब होणार, आणि ज्यांनी ते मिळवलं ते तिथे नसणार. नवा कोच हुआन फेरांडो, ग्रीसच्या व्होलोसहून आलेला. नऊ नंबरला, म्हणजे मुख्य स्ट्रायकर म्हणून, इगोर अँगुलो, वय ३६. म्हणजे ३७चा काढला आणि ३६चा आणला. ह्याला पुनर्बांधणी म्हणायचं असेल तर माझ्या घराचं रंगकामही पुनर्बांधणीच.

बोला.

---

आकडेबाज | १२ नोव्हेंबर २०२०

वयावरून चिडवताय तर अँगुलोचा हिशेबही मांडा. गोर्निक झाब्झेकडून पोलंडच्या पहिल्या लीगमध्ये २०१८-१९ला २४ गोल, तिथला त्या वर्षीचा सर्वाधिक. आयएसएलपेक्षा ती लीग सोपी आहे असं कोणी म्हणणार असेल तर मी धागा सोडतो.

दुसरं, ही रडारड आपण आधीही केलीय. २०१८ला आपला लांझारोते १३ गोल करून कोलकात्याच्या एटीकेला गेला तेव्हा इथेच "आता कोरोला पास कोण देणार" असा सूर होता. पुढच्याच वर्षी अंतिम फेरी गाठली आणि सुपर कप जिंकला.

स्ट्रायकर जातात. क्लब राहतो.

---

अंधेरी पश्चिम | १२ नोव्हेंबर २०२०

नमस्कार मंडळी, तुमची चौघंही आमच्याकडे सुखरूप पोचली. जेवणखाण व्यवस्थित आहे. काळजी नसावी :-)

---

फातोर्डा ईस्ट | १२ नोव्हेंबर २०२०

@अंधेरी पश्चिम: मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपचे पैसे आल्यावर एका वर्षात अचानक फुटबॉल कळायला लागलं का रे तुम्हाला? ओग्बेचे पण घेतला, सिडनीहून ल फाँद्र पण आणला. बाजारात दुसरं कोणी उरलंय का?

@आकडेबाज: लांझा एकटा गेला होता. आता अख्खा कणा गेलाय. दोन्हीची बरोबरी कशी करता?

---

अंधेरी पश्चिम | १३ नोव्हेंबर २०२०

बूमूसला आम्ही कराराप्रमाणे पैसे मोजून नेलं, चोरून नाही. आणि लोबेराला तुम्ही शील्ड तीन सामन्यांवर असताना, संघ वर असताना काढलंत. त्याच्या हाताखाली वाढलेली माणसं त्याच्याकडे जाणार नाहीत तर कुठे जाणार? स्वतः दार उघडं ठेवायचं आणि मग मांजरीच्या नावाने शंख करायचा.

---

सावंतवाडीकर | १३ नोव्हेंबर २०२०

कोरोबद्दल मला कमी प्रेम आहे असं कोणी समजू नये. २०१७ला केरळविरुद्ध सात मिनिटांत हॅटट्रिक केली तेव्हा मी ईस्ट स्टँडला होतो आणि दुसऱ्या गोलाला शेजारच्या माणसाचा सोडा माझ्या शर्टावर होता. पण सगळेजण चुकीच्या माणसासाठी रडताय असं माझं स्पष्ट मत आहे.

टीव्हीवर कोरो फक्त शेवटच्या दोन सेकंदांत दिसतो, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. स्टँडमधून त्याची बाकीची ८८ मिनिटं दिसायची. बरेचदा तो चालतच असायचा. कमरेवर हात, मान खाली, जणू टपरीवर लॉटरीचं तिकीट बघायला निघालाय. सेंटरबॅकच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचा, चांगला दोन पावलं ऑफसाइड. बॅकला वाटायचं, हा माणूस बाद. मग मधल्या फळीतल्या जाहूच्या पायात चेंडू यायचा. जाहू मान वर करायच्या आधी कोरो दोन पावलं मागे, रेषेत. मान वर झाली की तिरका पळ. चेंडू बॅकच्या डोक्यावरून येऊन पडायचा तेव्हा तो कीपरसमोर एकटा, आणि बॅक लाइन्समनकडे हात करून उभा. मग एक स्पर्श, खालून, लांबच्या पोस्टला.

आता ह्यातला कोरोचा वाटा किती आणि जाहूचा किती? ३७ वर्षांच्या माणसाला तो पळ काढायला परवडायचं, कारण चेंडू कधी सुटणार हे त्याला आधीच ठाऊक असायचं. बूमूसचंही तेच. गेल्या मोसमात ११ गोल आणि १० असिस्ट, म्हणजे गोलाआधीचे शेवटचे पास. त्यात ज्या पासने असिस्टवाल्याला मोकळं केलं ते पास कोण मोजतं?

म्हणून मला कोरोचं जाणं मान्य आहे. वय झालं होतं, आणखी एक वर्ष ठेवून बेंचवर बघण्यापेक्षा हे बरं. जाहू आणि बूमूस एकाच उन्हाळ्यात, एकाच प्रतिस्पर्ध्याकडे गेले, ह्याचं उत्तर क्लबाकडून मिळालं पाहिजे. अँगुलो गोल करेल हो. त्याच्यापर्यंत चेंडू जाणार कसा, ते सांगा.

---

शर्वरी_पणजी | १३ नोव्हेंबर २०२०

सावंतवाडीकरांना +१, फक्त एक भर. ह्या सगळ्या परदेशी नावांत मंदार राव देसाईचं नाव ओझरतं येऊन गेलं. २०१४पासून, म्हणजे क्लबाच्या पहिल्या मोसमापासूनचा माणूस. गोव्याच्या जुन्या देंपो क्लबाचा विंगर, लोबेराने लेफ्टबॅक केला आणि तिथून भारतीय संघापर्यंत गेला. आम्ही मॅचला जायचो तेव्हा माझी आई फक्त दोघांना नावाने ओळखायची, मंदार आणि ब्रँडन. बाकी सगळे तिच्यासाठी "तो केसांचा", "तो उंच".

परदेशी येणार, जाणार, ते पोटासाठी खेळतात, त्यात गैर काही नाही. पण गोंयकार कप्तान मुंबईला जातो तेव्हा क्लबाने काय गमावलं ते ४८ गोलांच्या हिशेबात बसत नाही.

---

जुना देंपोवाला | १४ नोव्हेंबर २०२०

मुलांनो, आम्ही हे सगळं एकदा पाहिलंय म्हणून लिहितो.

२०११-१२. देंपोचं पाचवं राष्ट्रीय विजेतेपद. रँटी मार्टिन्सने त्या एका आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, ३२ गोल केले. बत्तीस. कोरोचे पहिले दोन बूट एकत्र केले तर ३४ होतात, एवढंच सांगतो. तो उन्हाळा संपायच्या आत रँटी कोलकात्याला, प्रयाग युनायटेडला. आम्ही म्हटलं, देंपो आहे, दुसरा आणेल. आमचे कोच आर्मांदोबाबनी बेतोला आणलं, रँटीला आणलं, तिसराही सापडेल.

सापडला नाही. २०१४-१५ला देंपो आय-लीगमधून खाली उतरला. त्यानंतरच्या वर्षी साळगावकर, स्पोर्टिंग आणि देंपो, तिघांनी आय-लीगच सोडली. रँटी गेला म्हणून हे सगळं झालं असं मी म्हणत नाही, कारणं बरीच होती आणि त्यातली बरीचशी मैदानाबाहेरची होती. पण मोठा फॉरवर्ड जातो तेव्हा त्याचे गोल तेवढे मोजू नका. तो असताना बाकीच्या ज्या खोटी झाकल्या जात होत्या त्या उघड्या पडतात, तिकडे बघा.

ब्रँडन, सेरिटन, लेनी, प्रिन्स्टन, सेव्हियर गामा. सान्सन परेरा आणि आमच्या मुरगावकराचा देवेंद्र साळगावकरहून आलेत. ह्यांना खेळवा. बाकी चालू द्या.

---

शाहू स्टेडियम | १४ नोव्हेंबर २०२०

कोल्हापुरातनं राम राम. आमचा ह्या क्लबाशी संबंध एवढाच की हिथं सामने नसले की तुमचे बघतो.

एक शंका हाय. ह्या सगळ्या धाग्यात नऊ नंबरसाठी एक बी भारतीय नाव आलं नाही. मनवीर व्हता, त्यो बी गेला, आन त्याचं कुणाला काय वाटलं नाही. आमच्या पेठांच्या मॅचला पोरगं बापाच्या खांद्यावर बसून "गोल मार" म्हणतंय, आन मोठं झालं की कोच त्याला विंगला नेतोय, का तर मधी परदेशीच लागतोय. आमचा अनिकेत जाधव सतरा वर्षाखालच्या वर्ल्ड कपला खेळला, आता जमशेदपूरला कडंनं पळतोय. मग छेत्रीनंतर कोण म्हणून टीव्हीवर चर्चा करायच्या. अवघड हाय सगळं.

---

आकडेबाज | १४ नोव्हेंबर २०२०

कोल्हापूरकर, मुद्दा रास्त आहे पण अवांतर. क्लबाला निकाल लागतो, राष्ट्रीय संघाची शेती करायला ते बसलेले नाहीत.

---

शाहू स्टेडियम | १४ नोव्हेंबर २०२०

भावा, चॅम्पियन्स लीगला ३ + १ परदेशीच नोंदवता येत्यात, तीन कुठलं बी आन एक आशियातला. तवा तुमचा नऊ नंबर कोण, त्ये आत्ताच ठरवून ठेवा. मग अवांतर हाय का मुद्द्याचं, त्ये एप्रिलात बघू.

---

सावंतवाडीकर | १४ नोव्हेंबर २०२०

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बेदिया, अँगुलो, ऑर्तिझ, नोगेरा, इव्हान गोन्झालेझ, वर आशियाच्या कोट्यात ऑस्ट्रेलियाचा डोनाकी. पाच स्पॅनिशांतले तीनच नेता येतील. म्हणजे दोघे घरी.

---

तिरकस | १५ नोव्हेंबर २०२०

सगळी आयएसएल इथेच आहे. त्यामुळे घरी राहणारे खरं तर गोव्यातच राहतील. असो.

मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. मालकांत विराट कोहली आहे, त्याला एकदा सेंटर फॉरवर्ड खेळवून बघायला काय हरकत आहे? पळतो चांगला. चिडतोही कोरोपेक्षा जास्त.

---

फातोर्डा ईस्ट | १५ नोव्हेंबर २०२०

विनोद पुरे. मला फेरांडोचं काय करायचं ते कळत नाहीये. लोबेरासारखाच चेंडू खालून खेळणार म्हणतात. तसं असेल तर जाहूच्या जागी कोण? बेदिया खाली आणला तर पुढे सर्जनशील कोण? नोगेरा रासिंग सांतांदेरहून आलाय, त्याचे सामने कोणी पाहिलेत का? ऑर्तिझ विंगर आहे म्हणतात, कोणी म्हणतं दुसरा स्ट्रायकर.

---

अंधेरी पश्चिम | १५ नोव्हेंबर २०२०

जाहूच्या जागी कोणी नको, एवढी पिवळी कार्डं पुन्हा कुठून आणाल?

---

फातोर्डा ईस्ट | २२ नोव्हेंबर २०२०

अर्ध्या वेळेपर्यंत मी टीव्ही बंद करायच्या बेतात होतो. ५७व्या मिनिटाला २-०. बंगळुरूने आपल्याकडून काही हिसकावलंही नाही, आपणच वाढून दिलं. एक लांब थ्रो आणि आपला बचाव पुतळे.

आणि मग ६६ आणि ६९. तीन मिनिटं, दोन गोल, दोन्ही अँगुलो. २-२.

रिकामं फातोर्डा बघवत नव्हतं. गोल झाला आणि आवाज फक्त बेंचवरच्या पाच-सहा जणांचा. त्या क्षणी ईस्ट स्टँड काय झालं असतं!

---

आकडेबाज | २२ नोव्हेंबर २०२०

३६ वर्षांचा, बरं का. रंगकाम कसं चाललंय?

---

सावंतवाडीकर | २२ नोव्हेंबर २०२०

गोल दोन्ही बॉक्समधले आणि दोन्ही अस्सल स्ट्रायकरचे, ते कबूल. पण पहिला तास आठवा. अँगुलो चेंडू घ्यायला मिडफिल्डपर्यंत उतरत होता. कोरो तीन वर्षांत जेवढा खाली उतरला नसेल तेवढा हा एका संध्याकाळी उतरला. तो उतरला की पुढे कोणीच नाही. सामना फिरला तो बंगळुरू दमल्यावर. दर आठवड्याला समोरचे दमतील ह्या भरवशावर मोसम निघत नाही.

---

जुना देंपोवाला | २३ नोव्हेंबर २०२०

दोन्ही बाजू आपापल्या जागी आनंदी आहेत, छान.

---

अंधेरी पश्चिम | २५ नोव्हेंबर २०२०

तुमच्यावर १-०. ल फाँद्र. भरपाई वेळेत पेनल्टी. काही बोलत नाही, फक्त स्कोअर नोंदवायला आलो होतो.

---

फातोर्डा ईस्ट | २५ नोव्हेंबर २०२०

चाळिसाव्या मिनिटापासून दहा जण होतो. रेडीम तलांगला लाल कार्ड. पाऊण तासाहून जास्त दहा जणांनी धरून ठेवलं आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. आणि तुमचा जाहू आज होता कुठे? पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्टविरुद्ध लाल कार्ड खाऊन घरी! तेव्हा कोणी नोंदवायला आलं नाही ते.

---

तिरकस | २५ नोव्हेंबर २०२०

म्हणजे जाहू अजूनही गोव्यासाठीच खेळतोय.

---

अंधेरी पश्चिम | २५ नोव्हेंबर २०२०

तुमचं भांडण रेफरीशी आहे, जा तिकडे. फुकट्या क्लबाचे फुकटे…

---

व्यवस्थापक | २५ नोव्हेंबर २०२०

वरच्या प्रतिसादातला पुढचा भाग काढला आहे. क्लबांवर बोला, एकमेकांच्या घरादारावर नको.

---

शर्वरी_पणजी | ९ मार्च २०२१

धागा वर काढते. काल रात्री झोप लागली नाही, त्यामुळे कुठेतरी लिहिणं भाग आहे.

उपांत्य फेरीत मुंबईशी २-२, मग ०-०, मग पेनल्टीवर ६-५ने बाहेर. पहिल्या सामन्यात त्यांचे दोन गोल कोणाचे? बूमूस आणि फॉल. आपण दोनदा पुढे गेलो, दोनदा आपल्याच जुन्या माणसांनी बरोबरी केली. फॉलचा तर आपण पुढे गेल्यावर दोनच मिनिटांत! इथे ज्याला म्हणायचंय त्याने आता म्हणावं की कोण गेलं ह्याने फरक पडत नाही.

---

आकडेबाज | ९ मार्च २०२१

दुःखात सहभागी, पण हिशेब पुरा करतो. २० सामने, ७ जिंकले, १० बरोबरी, ३ हार, ३१ गुण, चौथे. अँगुलो १४ गोल. कोरोचे गेल्या वर्षी किती होते? १४. म्हणजे कोरोची जागा भरली, तंतोतंत.

---

सावंतवाडीकर | ९ मार्च २०२१

@आकडेबाज: हाच हिशेब पुढे न्या. नऊ नंबरचे गोल तेवढेच, १४ आणि १४. संघाचे? गेल्या वर्षी १८ सामन्यांत ४६, ह्या वर्षी २० सामन्यांत ३१. दोन सामने जास्त आणि पंधरा गोल कमी. हे पंधरा गोल स्ट्रायकरचे नाहीत. ते बूमूसचे अकरा आहेत, कॉर्नरवर फॉलचं डोकं आहे, जॅकीचंद आहे. नोव्हेंबरात मी हेच लिहिलं होतं तेव्हा "क्लब राहतो" म्हणालात.

दहा बरोबरी म्हणजे काय ते बघा. चेंडू आपल्याकडे, समोरचे बॉक्समध्ये गोळा झालेले, आपण डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. ब्रँडन मैदानात असेल तेव्हा एखादा पास आत जायचा, नसेल तेव्हा नाही. नोगेरा चांगला आहे, मला आवडला, पण तो चेंडू पायात घेऊन खेळणारा आहे. बूमूस चेंडू घेऊन थेट बॅकच्या अंगावर जायचा आणि दोन माणसं स्वतःकडे ओढायचा. तसा माणूस आणलाच नाही. मधल्या काळात लेनीही मोहन बागानला गेला, बदल्यात ग्लॅन मार्टिन्स. तो सौदा मात्र मला पटला, पोरगा जोरात आहे.

---

आकडेबाज | ९ मार्च २०२१

३१ गोल म्हणजे लीगमध्ये मुंबईखालोखाल सर्वाधिक. ह्या वर्षी सगळ्यांचेच गोल कमी झालेत. सरावाला वेळ कमी, बायो-बबल, तीन-चार दिवसांनी सामना. नव्या कोचने, सहापैकी पाच नव्या परदेशींनी एवढं केलं ह्याला मी तरी नापास म्हणणार नाही.

---

फातोर्डा ईस्ट | १० मार्च २०२१

ईशान पंडिताचं नाव कोणीच घेतलं नाही. चार गोल, सगळे बेंचवरून येऊन. कोल्हापूरकर, तुमचा भारतीय नऊ नंबर हा.

---

शाहू स्टेडियम | १० मार्च २०२१

बघतोय की. चार गोल मारलं तरी सुरुवातीपास्नं खेळवत न्हाईत, त्ये बी बघतोय.

---

शाहू स्टेडियम | २१ एप्रिल २०२१

एप्रिल आला. म्हटलं व्हतं नव्हं?

चॅम्पियन्स लीगच्या नोंदणीत बेदिया, गोन्झालेझ, ऑर्तिझ आन डोनाकी. अँगुलो न्हाई, नोगेरा न्हाई. देशाचा गोल्डन बूटवाला आशियाच्या स्पर्धेत संघातच न्हाई. आन अल-रय्यानसंगट ०-०, अल-वहदासंगट ०-०, काल पर्सेपोलिसला १-२.

---

फातोर्डा ईस्ट | २१ एप्रिल २०२१

आधी अभिमान, मग भांडण. लोराँ ब्लाँच्या अल-रय्यानला ०-०वर रोखलं, काल पर्सेपोलिससारख्या संघाविरुद्ध १४व्या मिनिटाला आपण पुढे होतो! बेदियाचं हेडर, ह्या स्पर्धेच्या गट फेरीत भारतीय क्लबाचा पहिला गोल. धीरजने काय कीपिंग केलंय!

आता भांडण. अँगुलोला का नाही नेलं? बचावाला दोन परदेशी हवेत ते मान्य. पण गोल करायला कोणी नको?

---

सावंतवाडीकर | २१ एप्रिल २०२१

मी फेरांडोच्या जागी असतो तर हेच केलं असतं. ह्या पातळीवर आपल्याकडे चेंडू फार तर तीस-पस्तीस टक्के राहणार. बॉक्समध्ये वाट बघणाऱ्या ३७ वर्षांच्या स्ट्रायकरला त्यात काम काय? पळणारा ऑर्तिझ हवा, जो चेंडू घेऊन चाळीस मीटर जाईल आणि परत येऊन बॅकला मदतही करेल. आज कोरो असता तर तोही बाहेरच बसला असता. हे पटायला जड आहे, पण तसंच आहे.

---

शर्वरी_पणजी | २१ एप्रिल २०२१

पटलं नाही. कोरो असता तर पर्सेपोलिसच्या सेंटरबॅकने निदान एकदा तरी लाइन्समनकडे हात केला असता.

---

जुना देंपोवाला | २२ एप्रिल २०२१

परवा संघात किती गोंयकार होते ते मोजलं का कोणी? ब्रँडन, सेरिटन, ग्लॅन, सान्सन, गामा. इराणच्या विजेत्यांसमोर. बेदियाच्या डोक्यावर चेंडू ठेवला तोही ब्रँडननेच. मी घरी एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो, सूनबाई बघून गेली.

---

आकडेबाज | २२ एप्रिल २०२१

पुढच्या मोसमापासून आयएसएलमध्येही मैदानात परदेशी चारच असणार म्हणतात. म्हणजे हाच पेच आता दर आठवड्याला. चार जागा: एक सेंटरबॅक, एक आशियाई, एक बेदिया. उरली एक. ती स्ट्रायकरला द्यायची की पास देणाऱ्याला?

---

सावंतवाडीकर | २२ एप्रिल २०२१

पास देणाऱ्याला. पुढे ईशानला खेळवा.

---

फातोर्डा ईस्ट | २२ एप्रिल २०२१

स्ट्रायकरला. पास द्यायला ब्रँडन आहे.

---

अंधेरी पश्चिम | २२ एप्रिल २०२१

तुम्ही ठरवा निवांत. अँगुलोचा करार कधी संपतोय तेवढं कळवा :-)